दोन हजार वार सूत आणि थर्मोकोलचा किल्ला

पत्र:

सर, सप्रेम नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका पदवी महाविद्यालयात इतिहासाची अतिथी प्राध्यापिका आहे. वर्गात साठ-पासष्ट मुलं. निम्मी मराठी, निम्मी कन्नड. मी नोट्स सांगते, ती उतरवून घेतात आणि परीक्षेत ओतून मोकळी होतात. याचा कंटाळा आला म्हणून गेल्या वर्षी गटागटाला ऐतिहासिक वास्तूंच्या प्रतिकृती करायला सांगितल्या. थर्मोकोलचे किल्ले आले. त्यातले दोन तर पैसे देऊन करून आणलेले. पाटीवर नाव कुठल्या भाषेत लिहायचं यावरून दोन गटांत जुंपली. एक मुलगा ‘मला चित्र काढता येत नाही’ म्हणून आठवडाभर आलाच नाही. वरिष्ठ म्हणाले, ‘हे हायस्कुलातले उद्योग कॉलेजात कशाला?’ हातानं काही केल्याशिवाय इतिहास या मुलांना भिडणार नाही, असं मला अजूनही मनापासून वाटतं. पण गुण कशाचे द्यायचे? पोर्शन कसा संपवायचा? आणि मुळात हे करावं की सोडून द्यावं?
– एक अतिथी प्राध्यापिका

उत्तर:

ताई, नमस्कार.

हाताचं काम सोडू नका. प्रतिकृती मात्र सोडा. तुमची अडचण या दोन गोष्टी एकच समजण्यातून आली आहे, आणि ती चूक मीही केलेली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी वर्गाकडून किल्ल्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं. रंगवलेले बुरूज, कागदी झेंडे, बघायला ही गर्दी. पुढच्या आठवड्यात वर्गात विचारलं, ‘तुम्ही केलेल्या किल्ल्याचा दरवाजा समोरून का दिसत नाही, वाट वळवून का नेलीय?’ कुणालाच सांगता येईना. त्यांनी चित्र बघून किल्ला केला होता. चित्रात वाट वळलेली होती, म्हणून त्यांनीही वळवली. थर्मोकोल कुठंही कापला जातो, कशालाही ‘नाही’ म्हणत नाही, त्यामुळं करणाऱ्याला कुठं थांबून विचार करावा लागत नाही.

आपल्याकडची मुलं तशी हातानं इतिहास करतच मोठी होतात. दिवाळीला अंगणात माती-दगडांचा किल्ला होतो. वैशाखातल्या शिवजयंतीला बेळगावात चित्ररथ निघतात. तुमच्या वर्गातली कितीतरी मुलं आपापल्या मंडळात रात्र-रात्र त्या तयारीत असतील. त्या कामाबद्दल मला फार आदर आहे. पण चित्ररथात प्रसंग आधीच ठरलेला असतो, शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, आणि तो लोकांसमोर झोकात उभा करायचा असतो. वर्गातल्या कामाला ठाऊक नसलेलं काहीतरी हवं. मुलाचा हात अडला पाहिजे आणि त्या अडण्याचं कारण शोधायला त्याला कागदपत्रांकडं, शिलालेखाकडं, म्हाताऱ्या माणसांकडं जावं लागलं पाहिजे. तुम्ही निवडाल त्या प्रत्येक कामाला हा एकच निकष लावा.

एक काम सविस्तर सांगतो. मी ते बरीच वर्षं केलं आणि तुम्ही यंदा यानंच सुरुवात करावी असं मला वाटतं.

डिसेंबर १९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन तुमच्या पोर्शनमध्ये आहेच. गांधीजी अध्यक्ष असलेलं हे एकमेव अधिवेशन. बेळगावचे काँग्रेस पुढारी गंगाधरराव देशपांड्यांची धडपड, टिळकवाडीतली काँग्रेस विहीर, काँग्रेस रोड हे सगळं मुलांना ऐकून माहीत असतं. पण त्या अधिवेशनानं शिक्कामोर्तब केलेली एक गोष्ट नोट्समध्ये एका ओळीत उरकली जाते. काँग्रेसचं सभासद व्हायचं तर चार आण्यांऐवजी दरमहा दोन हजार वार एकसारखं कातलेलं सूत द्यायचं. मुलं ही ओळ लिहून घेतात. दोन हजार वार म्हणजे काय हे त्यांना कळत नाही, आणि खरं सांगायचं तर टकळी, म्हणजे सूत कातायची फिरती काडी, हातात घेईपर्यंत मलाही कळलं नव्हतं.

टकळ्या आणा. बेळगावजवळच्या हुदलीला खादीचं काम गंगाधररावांच्या काळापासून आहे. पेळू (कातायला तयार केलेल्या कापसाच्या वळ्या) आणि दोन-चार टकळ्या तिथं विचारा. बाकीच्या टकळ्या बांबूची काडी आणि मातीची चकती जोडून मुलंच करतील. एक पूर्ण तास कातायला द्या. पहिली वीस मिनिटं नुसता गोंधळ असतो. पीळ बसत नाही, धागा तुटतो, कुठं सुतळी होते तर कुठं केस. ‘सर, हे येईना की हो’ असं चारी बाजूंनी ऐकू येतं. येऊ द्या. तासाच्या शेवटी मोजणी करा. दीड फूट लांबीच्या पुठ्ठ्यावर सूत गुंडाळलं की एका वेढ्याला तीन फूट, म्हणजे एक वार होतो. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी बहुतेकांचं सूत दहा वारांच्या आतच राहायचं. मग फळ्यावर भागाकार मांडायचा. महिन्याला दोन हजार म्हणजे रोज सदुसष्ट वार. एकूण लांबी पावणेदोन किलोमीटरच्या वर. आणि तेही ‘एकसारखं’ कातलेलं.

या मोजणीनंतर वर्गात जी शांतता पसरते, तिच्यातच त्या दिवसाचा धडा असतो. पहिला प्रश्न मुलंच विचारतात: ‘मग सभासद झाले तरी किती?’ दुसरा प्रश्न एका मुलीनं विचारला होता आणि तो मी कधी विसरलो नाही. ‘सर, आमची आई दिवसभर शेतात असते. ती कधी कातणार? म्हणजे हे कुणासाठी होतं?’ आता ठरावाचे शब्द वाचायला द्या. त्यात एक वाट ठेवलेली आहे: आजारपण, अनिच्छा किंवा तसंच काही कारण असेल तर दुसऱ्यानं कातलेलं तेवढंच सूत दिलं तरी चालेल. टकळी फिरवण्याआधी यातला ‘अनिच्छा’ हा शब्द मुलांच्या नजरेखालून निसटून जातो. टकळी फिरवून झाल्यावर तीच मुलं त्याच शब्दावर बोट ठेवतात. ही सवलत कुणी मागितली असेल, कातायला राजी नसलेले पुढारी कोण, काँग्रेसमधल्याच, कायदेमंडळांत गेलेल्या स्वराज पक्षाशी झालेल्या समेटाचा याच्याशी काय संबंध, असे प्रश्न निघतात, आणि तुम्हाला शिकवायचं असलेलं १९२४ चं राजकारण त्यांच्या प्रश्नांतून वर येतं. १९२५ च्या सप्टेंबरात पाटण्याला चार आणे भरण्याची मुभा पुन्हा द्यावी लागली, हे मग सांगावं लागत नाही. मुलं आधीच म्हणतात, ‘हे टिकणार नव्हतं.’

तिथंच थांबू मात्र नका. कातणं अवघड होतं म्हणून ते खुळं होतं, असा सोपा निष्कर्ष मुलं काढतात. त्यांना दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारीही कातायला द्या. हात बसू लागतो, धागा लांबतो, बोलणं आपोआप कमी होतं. वकील आणि शेतकरी यांना एकाच कामाला बसवण्यात गांधीजींना काय दिसलं असेल, हे त्या तिसऱ्या शनिवारी उमगू लागतं. एका बैठकीत ते कळत नाही.

आणि तो चित्र न येणारा मुलगा इथं येईल. कातायला चित्रकला लागत नाही. उलट ज्याचं सूत सगळ्यात जास्त तुटतं त्याची नोंद सगळ्यात मोलाची ठरते, कारण ती अट सामान्य माणसाला किती जड होती हे त्याच्याच नोंदीत सापडतं. हे त्याला पहिल्याच दिवशी मोकळेपणानं सांगा.

दुसरं काम दगडाचं. खानापूर तालुक्यात वीरगळांना, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांना, तोटा नाही. देवळाच्या मागं, शेताच्या बांधावर, कुठं पिंपळाच्या पारात चिणलेले. खाली लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या कप्प्यात शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य, ही बहुतेकांची मांडणी. ती नोट्समध्ये सांगितली की दोन मिनिटांत विसरली जाते. मुलांना आपापल्या गावातला एक वीरगळ निवडून निवांत पाहायला, मोजायला सांगा. मग प्रत्येकाला कपडे धुण्याच्या साबणाची एक वडी आणि बोथट सुरी द्या आणि त्यातला एकच कप्पा कोरायला लावा. मातीत करू नका. मातीत चुकलं की वर लिंपता येतं. साबण दगडासारखाच आहे, गेलेलं परत येत नाही. घोड्याचा पाय तुटला की तुटला. मग मुलं पुन्हा मूळ दगडाकडं जातात आणि त्यांना दिसतं की कारागिरानं घोड्याचे पाय सुटे ठेवलेलेच नाहीत, मागच्या दगडाला धरून ठेवलेत. शत्रू वीरापेक्षा लहान का, खालच्या कप्प्यात एवढी दाटी आणि वरच्यात एवढी मोकळीक का, हे प्रश्न सुरी हातात असताना सुचतात. मला फोटो दाखवून ते कधी काढून घेता आले नाहीत.

इथं एक कळकळीची विनंती आहे. मूळ दगडाला हात लावू देऊ नका. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, हळद, तेल, पावडर चोळण्याची वाईट सवय आपल्याकडं आहे. तिनं शिलालेख झिजतात. शाईचा ठसा घेण्याचं तंत्र वेगळं आहे, ते प्रशिक्षित माणसाचं काम आहे आणि संरक्षित स्मारकावर त्याला परवानगी लागते. हलशीच्या भूवराह नृसिंह मंदिरात किंवा बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बसदी या जैन मंदिरात मुलांना नेलं तर हातात फक्त वही, पेन्सिल आणि मोजपट्टी असू द्या. कमल बसदीच्या छतातलं कमळ खाली बसून अर्धा तास रेखाटलं तरी पुष्कळ झालं. पाकळ्या मोजायला सांगा. बहात्तर आकडा आला की चोवीस तीर्थंकर तीनदा का, भूत-वर्तमान-भविष्य म्हणजे काय, हे विचारणं आपोआप होतं.

तिसरं काम मोडीचं, ते थोडक्यात सांगतो. बोरू आणि शाई घेऊन आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या आणि त्या रेघांना लोंबकळणारी अक्षरं हात न उचलता लिहायची. दहा ओळींचा एक अर्ज सावकाश लिहायचा, मग तोच घाईत. कारकुनाचं अक्षर पानाच्या शेवटी का बिघडतं, शब्द तोडायला तो का थांबत नाही, लघुरूपं कुठून आली, हे बोटांना कळतं. घराघरांतले जुने कागद मुलं मग आपण होऊन घेऊन येतात. कागदाचा मोबाइलवर फोटो घ्या आणि मूळ कागद त्याच दिवशी घरी परत पाठवा. जमिनीचे कागद असतात. त्यावरून एखाद्या घरात वितुष्ट यायला नको.

आता तुमच्या पाटीच्या भांडणाकडं येतो. पत्रात तुम्ही ते एका ओळीत लिहिलंय, पण तुमचा खरा घोर तोच असावा असं मला वाटलं. आपल्या भागात १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर वाढलेल्या प्रत्येक पिढीला हा घोर आहे. मी मराठी माणूस आहे, माझ्या भाषेचं दुःख मला आहे, ते लपवून मी तुम्हाला सल्ला देणार नाही. तरीही वर्गात ‘हे कुणाचं’ असा प्रश्न पहिला टाकला की वर्ग तिथंच फुटतो आणि त्यापुढं कुणी काही शिकत नाही. ‘हे केलं कसं’ हा प्रश्न आधी टाका. प्रतिकृतीला मालकीची पाटी लागते. साबणाच्या वडीला आणि सुताच्या लडीला तशी पाटी लागत नाही.

भाषा टाळा असं मात्र मी म्हणत नाही. उलट ती कामात ओढून घ्या. प्रत्येक कामासोबत दोन रकान्यांची शब्दयादी ठेवा आणि ती मुलांनी घरी विचारून भरायची. आपला ‘वीरगळ’ घ्या. कन्नडमध्ये कल्लु म्हणजे दगड. वीराचा दगड तो वीरगल्लु. आपण मराठीत म्हणतो तो शब्द तिथूनच आलाय. विणकामाकडं वळलात तर वडगाव-शहापूरच्या मुलांना आपला ‘माग’ आणि कन्नड ‘मग्ग’ शेजारी लिहायला सांगा. कापसाला कन्नडमध्ये ‘हत्ती’ म्हणतात हे कळल्यावर मराठी मुलं खुदकन हसतात आणि मग तो शब्द जन्मभर विसरत नाहीत. दुसरीकडं, कमल बसदी उभी राहिली तेव्हाचे, १२०४ चे, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या काळातले लेख जुन्या कन्नडमध्ये आहेत, आणि याच जिल्ह्यातल्या कन्नड घरांच्या माळ्यावर मोडी कागदांची बोचकी आहेत. कन्नड घरातला मोडी कागद वाचायला मराठी मुलगा लागतो आणि मराठी गावातला शिलालेख वाचायला कन्नड मुलगी लागते. अशी जोडी मी वर्गात मुद्दाम लावत असे. भांडणं संपली असं सांगणार नाही. पण त्यांना एकमेकांची गरज पडली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एका गोष्टीला फार जपा. हातकामाला आपल्याकडं जात चिकटलेली आहे. वर्गात कुंभाराचा किंवा विणकराचा मुलगा असेल तर ‘चल, तू करून दाखव’ म्हणून त्याला सगळ्यांपुढं उभं करू नका. त्याला ते मिरवावंसं वाटेल किंवा झाकावंसं वाटेल. आधी एकट्याला विचारा. बाहेरून कारागीर बोलवाल तर पाहुण्या व्याख्यात्याला देता तेवढंच मानधन आणि तशीच खुर्ची द्या, आणि मुलांना त्यांना ‘सर’, ‘मॅडम’ म्हणायला लावा. खानापुरात खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था आहे. तुम्हाला ती हाताशी आहे. तिथं वर्ग घेऊन जा आणि बघून परत येऊ नका, चाकावर बसा. तुम्हीसुद्धा बसा. बाईंचा गोळा चाकावरून उडालेला पाहिला की मुलांची भीती निम्मी होते.

काही गोष्टी हातानं करायच्या नाहीत. नंदगड तुमच्या तालुक्यात आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या बाजूनं इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये तिथं फाशी दिलं. कुणीतरी उत्साहानं फाशीचा देखावा करू या म्हणेल, तेव्हा नको म्हणा. तो क्षण पुठ्ठ्याचा करून टेबलावर मांडला की तो हलका होतो. समाधीवर जा, तिथं नवस बोलायला आलेल्या बायांशी बोला, रायण्णा ज्या रानांतून लढत फिरला त्यांचा नकाशा मुलांना हातानं काढू द्या. सती, दुष्काळ, अस्पृश्यता यांचे देखावेही करू नका. जिथं कुणाच्या तरी पणजीचं दुःख आहे तिथं ऐकणं आणि वाचणं पुरे.

गुणांचं सोपं आहे. वस्तूला शून्य गुण, वहीला सगळे. इंटर्नलचे जेवढे गुण तुमच्या हातात असतील तेवढ्यांसाठी प्रत्येकानं दोन पानं लिहायची: काय केलं, हात कुठं अडला, त्यासाठी काय वाचलं किंवा कुणाला विचारलं, आणि अजून न सुटलेला प्रश्न कोणता. शेवटच्या मुद्द्याला सगळ्यात जास्त गुण ठेवा. वस्तूला गुणच नाहीत म्हटल्यावर बाजारातून कुणी काही करून आणत नाही. आणून उपयोगच नाही. दोन पानं मराठीत असोत, कन्नडमध्ये असोत, तुम्ही दोन्ही वाचा. कन्नड वाचायला अडचण वाटत असेल तर सहकाऱ्याची मदत घ्या, आणि मुलांना कळू द्या की तुम्ही मदत घेताय.

पोर्शनबद्दल खरं ते सांगतो. एका सेमिस्टरला अशी दोनच कामं बसतात. तिसरं घुसवाल तर शेवटी पळापळ होईल आणि दोष हातकामावर येईल. महसूलपद्धती, तह, कायदे हे नेहमीसारखंच शिकवावं लागेल. पण दोनदा नीट अडलेली मुलं उरलेल्या तासांत वेगळ्या तऱ्हेनं बसतात, ‘हे कशावरून?’ असं विचारू लागतात. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

वरिष्ठांशी वाद घालू नका. अतिथी म्हणून तुमची नेमणूक वर्षावर्षाची, ते मी जाणतो. प्रदर्शन, उपक्रम, कला हे शब्दच त्यांच्यापुढं वापरू नका. एका पानाचं टिपण द्या: अभ्यासक्रमातला घटक कोणता, मूळ साधन कोणतं (१९२४ चा ठराव, अमुक गावचा वीरगळ), तास किती, खर्च किती, गुण कसे. टकळी, पेळू, साबण मिळून खर्च एका थर्मोकोलच्या किल्ल्याहून कमी येतो, तोही आकडा लिहा. आणि पहिल्या कातण्याच्या तासाला त्यांना पंधरा मिनिटं बोलवा. बसायला खुर्ची आणि हातात टकळी द्या.

दसऱ्याच्या सुट्टीआधीचा एखादा शनिवार धरा. पेळू वर्गसंख्येच्या दुप्पट मागवा, पहिल्या दिवशी फार वाया जातात. पुठ्ठा बरोबर दीड फुटाचा कापा, नाहीतर मोजणी चुकते. आणि पहिल्या तासात सगळ्या वर्गाचं मिळून किती वार सूत झालं, ते मला नक्की कळवा.